ताठ पोलाद, मऊ मेण: अनीश कपूर यांच्या शिल्पांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०१० च्या डिसेंबरात वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत शिल्पकार अनीश कपूर यांची मेणाचे गोळे डागणारी तोफ पाहिली, तेव्हापासून हे प्रश्न लोक मला विचारत आलेत. आधी मैत्रिणींनी विचारले, मग मी ज्यांना प्रदर्शनं दाखवायला नेते त्यांनी. उत्तरं देता देता माझीही समज पक्की होत गेली, म्हणून ती एकत्र लिहून ठेवते आहे. वेळ कमी असेल तर 'बघायचं नेमकं कुठे?' हा एक प्रश्न तरी वाचाच.

ही शिल्पं असतात तरी कशी?

एका बाजूला काटेकोर आकार असतो: पोलादी ठोकळा, गोल हौद, दाराची चौकट, खोलीचा कोपरा. दुसऱ्या बाजूला त्या आकाराचं सगळं ऐकून न घेणारा, वाहता किंवा सरकता पदार्थ: मेण, रंगाची पूड, ताणलेला पडदा, पाणी. दोघांची गाठ घालून द्यायची आणि पुढे जे घडतं ते घडू द्यायचं.

'माय रेड होमलँड' (२००३) घ्या. १२ मीटर व्यासाचं एक गोल पात्र, त्यात २५ टन लाल मेण. मधोमध मोटर, मोटरला लांब पोलादी दांडा, दांड्याच्या टोकाला चौकोनी पोलादी ठोकळा. दांडा तासाला एक फेरा घेतो, म्हणजे घड्याळातल्या मिनिटकाट्याच्या गतीने. बघत उभं राहिलं तर तो हलतो आहे हे कळतसुद्धा नाही. शेजारच्याशी दोन वाक्यं बोलून परत वळावं, तर ठोकळा पुढे सरकलेला असतो आणि त्याच्या मागे मेणात एक गुळगुळीत चर पडलेला असतो. बाजूला सारलेलं मेण काठाशी ढेकळासारखं साचतं, कलंडतं, पुढच्या फेऱ्यात पुन्हा कापलं जातं.

मेण वितळत नाही? आणि वितळत नसेल तर त्याला वाहतं का म्हणायचं?

प्रश्न अगदी बरोबर आहे. हे देवघरातल्या मेणबत्तीचं मेण नव्हे. तेलाचा रंग मिसळलेलं, व्हॅसलीनसारखं मऊ राहणारं मेण आहे ते.

पाणी जरा उतार मिळाला की निघालं. या जातीचे पदार्थ तसे नसतात. ते आधी अडून बसतात. ठरावीक दाब पडेपर्यंत घट्ट, दाब वाढला की सरकणार, दाब थांबला की आहे तिथे पुन्हा घट्ट. श्रीखंडाचा चक्का डोळ्यांसमोर आणा. पातेल्यात चमचा ओढला की चर पडतो आणि तो तसाच राहतो. ताकात तोच चर क्षणात भरून येतो. कपूर यांना चक्क्यासारखा पदार्थ हवा होता, कारण त्याला आठवण असते. पोलाद कुठून गेलं, किती जोरात गेलं, कुठे अडखळलं, हे सगळं मेणाच्या अंगावर उमटून राहतं.

बघायचं नेमकं कुठे?

कडेला. जिथे ठोकळा मेणाला टेकतो, तिथे.

माझं सगळं म्हणणं इथे येऊन थांबतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. आपण शिल्पासमोर उभे राहिलो की आधी त्याचा पूर्ण आकार नजरेत घ्यायला बघतो, मग नाव वाचतो, मग 'हे कशासारखं दिसतं' असा शोध सुरू होतो. या शिल्पांत पूर्ण आकार हा पाहण्याचा विषयच नाही. ठोकळा चौकोनी आहे हे एका नजरेत कळतं, पात्र गोल आहे हेही कळतं. ते कळल्यावर त्यात आणखी काही उरत नाही. मेणाच्या ढिगाला तर स्वतःचा असा आकारच नाही. जे काही आहे ते दोघांच्या मधल्या बोटभर जागेत आहे. तिथे मेण एका ठिकाणी आरशासारखं चकचकीत होतं, हातभर पुढे तेच फाटून खरखरीत होतं. ठोकळ्याच्या कोपऱ्यावर पातळ पापुद्रा वर येतो, लांबतो, स्वतःच्याच वजनाने दुमडतो. कुणी तो हाताने घडवलेला नाही. कपूर यांनी ठोकळा निवडला, मेण निवडलं, वेग ठरवला आणि हात मागे घेतला. शिल्पावर कलाकाराच्या हाताची खूण नको, हे ते अनेक वर्षं सांगत आलेत. त्याचा पुरावा बघायचा असेल तर तो या पापुद्र्यात आहे.

एका कडेसमोर पाच मिनिटं उभं राहा. एवढंच करा.

मेहबूब स्टुडिओत काय होतं?

कपूर यांचं भारतातलं पहिलं प्रदर्शन २०१० च्या अखेरीस दिल्ली आणि मुंबई अशा दोन ठिकाणी भरलं. मुंबईत जागा निवडली होती चित्रपटांच्या शूटिंगची. 'शूटिंग इन्टू द कॉर्नर' हे शिल्प तिथे होतं. २००९ मध्ये ते व्हिएन्नात पहिल्यांदा दाखवलं गेलं होतं. दाबलेल्या हवेवर चालणारी एक तोफ, समोर दोन पांढऱ्या भिंतींचा कोपरा. एक माणूस शांतपणे येतो, लाल मेणाचा दंडगोळा तोफेत भरतो (व्हिएन्नात अशा एका गोळ्याचं वजन ११ किलोच्या आसपास होतं), आणि तोफ डागतो.

आवाज छातीत बसतो. त्या दिवशी माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाई दचकून मागे सरल्या आणि त्यांनी माझा दंड धरला. आमची ओळखदेख नव्हती. २६ नोव्हेंबर २००८ ला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि आम्ही दोघी मुंबईच्याच होतो. त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही. भिंतीवर आदळलेला गोळा आधी चपटा होऊन चिकटला, मग हळूहळू खाली घसरू लागला आणि अर्ध्यावर थांबला. खाली आधीच्या दिवसांचा ढीग होता.

त्या कोपऱ्याविषयी मी बराच विचार केला आहे. खोलीचा कोपरा म्हणजे भूमितीचा सगळ्यात साधा नमुना, तीन सरळ पृष्ठभाग एका बिंदूत भेटतात. आपण तो रोज बघतो आणि कधीच बघत नाही. मेणाचा मारा सुरू झाला की तो कोपरा उघडा पडतो. भिंतीला पाठ लावलेल्या माणसासारखा दिसायला लागतो.

मग हे हिंसेबद्दल आहे का? याचा अर्थ काय?

हिंसा त्यात आहेच, तोफ ही तोफच असते. पण तीच तोफ पांढऱ्या भिंतीवर रंग फेकते, म्हणजे ती चित्रही काढते आहे. दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे आहेत, आणि त्यातला एक निवडून दुसरा टाकून द्यायची घाई करू नये असं मला मनापासून वाटतं.

'स्वयंभ' हे शिल्पाचं नाव म्हणजे आपलं स्वयंभूच ना?

हो. संस्कृतातला तोच शब्द. मराठी माणसाला हे नाव समजावून सांगावं लागत नाही, ही आपली मोठी सोय आहे. जे कुणी घडवलं नाही, आपोआप प्रकटलं ते स्वयंभू. गावोगावच्या स्वयंभू गणपतीला आणि देवीच्या तांदळ्याला आपण याच नावाने ओळखतो.

शिल्प असं आहे: रुळांवर लाल मेणाचा प्रचंड ठोकळा, आगगाडीच्या डब्याएवढा. तो अतिशय मंद गतीने एका दालनातून दुसऱ्या दालनात जातो. वाटेतल्या दारांच्या कमानी त्याच्या अंगाला घासतात. चौकटींवर मेणाचे जाड लाल थर राहून जातात, आणि ठोकळ्याचा आकार त्या कमानींनीच कापून काढल्यासारखा दिसतो. म्हणजे शिल्पकार कोण, तर दार. २००७ मध्ये ते फ्रान्समधल्या नान्त शहरात आणि नंतर म्युनिकमध्ये दाखवलं गेलं, २००९ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत.

म्युनिकमधली इमारत होती हाउस डेर कुन्स्ट. नाझी राजवटीने १९३७ मध्ये ती जर्मन कलेच्या गौरवासाठी उघडली होती. तिथल्या करड्या, ताठ चौकटींतून रुळावरचा रक्तासारखा डबा सरकत गेला. कपूर यांची आई बगदादी ज्यू घराण्यातली. आगगाडी, रूळ, ती इमारत आणि तो रंग यांचा संबंध तिथे कुणी फलकावर लिहून सांगायची गरज नव्हती.

हा लाल रंग बघून शेंदूर आठवतो. तसं म्हणणं चूक आहे का?

मुळीच नाही. मलाही पहिल्यांदा तोच आठवला. कपूर यांनी तो तिथूनच उचलला असा माझा दावा नाही, पण आपली नजर शेंदरावर वाढलेली आहे आणि ती नजर इथे कामी येते.

तेलात कालवलेला शेंदूर दगडावर पिढ्यान् पिढ्या चढत जातो. दगडाचा कंगोरा मऊ होतो, मग नाहीसा होतो. शेवटी डोळे तेवढे उरतात आणि बाकी सगळा शेंदराचा गोलावा. मध्येच कधीतरी तो थर सुटतो आणि आतला कठीण आकार बाहेर येतो. २०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचा शेंदराचा जुना लेप उतरवला, तेव्हा खालचं मूळ रूप बघून कितीतरी भाविकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आत ताठ, बाहेर मऊ, आणि वरच्या थराला आकार देणारा एक असा हात नाहीच, शेकडो हात आहेत. या गोष्टीकडे आपण कायम श्रद्धेने पाहिलं. शिल्प म्हणूनही पाहायला हरकत नाही, त्याने श्रद्धा कमी होत नाही.

ते मुंबईचेच ना?

जन्म मुंबईचा, १९५४ चा. वडील पंजाबी, नौदलात समुद्राच्या मोजणीचं काम करणारे. शाळा डेहराडूनची. तरुणपणी आधी इस्रायल आणि मग १९७३ पासून लंडन. १९९० मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात त्यांनी ब्रिटनचं प्रतिनिधित्व केलं, १९९१ मध्ये ब्रिटनमधला कलेचा टर्नर पुरस्कार मिळाला.

यापेक्षा महत्त्वाचं आहे ते १९७९ साल. त्या वर्षी ते भारतात आले आणि परत गेल्यावर त्यांनी '१००० नेम्स' ही मालिका सुरू केली. शंकू, अर्धगोल, पायऱ्यांचे मनोरे असे भूमितीचे आकार, आणि त्यांच्यावर कोरड्या रंगाची पूड. लाल, पिवळी, निळी. पूड आकाराच्या अंगावरून घसरून जमिनीवर पसरते आणि भोवती एक धूसर वलय करते, त्यामुळे तो शंकू जमिनीखालून वर आल्यासारखा दिसतो. मंदिराबाहेरच्या दुकानातल्या हळद-कुंकू-गुलालाच्या राशी ज्याने पाहिल्यात त्याला हे दृश्य नवं नाही. नावही पाहा: सहस्रनाम. ताठ आकार आणि निसटता पदार्थ यांची त्यांची गाठ तिथे पडली. मेण पुष्कळ नंतर आलं.

कापडाचं शिल्प कसं उभं राहतं?

'मार्सियास'बद्दल विचारताय. लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयातला टर्बाइन हॉल हा जुन्या वीजकेंद्राचा भाग, अवाढव्य लांबीचा. २००२ मध्ये त्यात कपूर यांनी अभियंते सेसिल बालमंड यांच्यासोबत तीन पोलादी कड्या बसवल्या, दोन टोकांना उभ्या आणि एक मध्ये आडवी. तिन्ही कड्यांना जोडणारा गडद लाल पीव्हीसीचा पडदा, सुमारे दीडशे मीटर लांब. कर्ण्यासारखा उघडत जाणारा.

त्या पडद्याचे बाक कुणी मनाने रेखाटलेले नाहीत. लहान मुलं साबणाच्या पाण्यात तारेचं कडं बुडवतात, तेव्हा कड्यात जो पडदा धरतो तो स्वतःच आपला आकार शोधतो, सगळीकडे ताण सारखा वाटून घेतो. तार वाकवली की पडदा वेगळा बाक घेतो. इथेही कड्या कुठे आणि कशा ठेवायच्या हे माणसांनी ठरवलं, मधला आकार ताणाने ठरवला. तो संगणकावर शोधावा लागला, कारण एवढ्या मोठ्या पडद्याला स्वतःचं वजनही असतं.

मार्सियास हा ग्रीक पुराणातला. त्याने देवाशी संगीतात पैज घेतली, हरला, आणि देवाने त्याची कातडी सोलली. हे माहीत झाल्यावर तो लाल ताणलेला पडदा पुन्हा आठवून पाहा.

पाण्याचा भोवरा कुठे होता?

कोचीला. २०१४ च्या कोची-मुझिरिस बिनालेचे, म्हणजे तिथल्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनाचे, क्युरेटर होते मुंबईचे चित्रकार जितीश कल्लाट. त्यात आस्पिनवॉल हाउसमध्ये 'डिसेन्शन' हे शिल्प होतं: जमिनीत बसवलेला गोल हौद आणि त्यात अखंड फिरणारं काळं पाणी, मधोमध खोल विवर. इथे मेणाच्या नेमकं उलटं घडतं. मेण घडलेलं सगळं लक्षात ठेवतं, पाणी काहीच ठेवत नाही. मोटर बंद केली की काही वेळात हौद सपाट. भोवरा हा आकार आहे खरा, पण तो प्रत्येक क्षणी नव्याने करावा लागतो.

असं काम त्यांनीच पहिल्यांदा केलं का?

नाही. या वाटेवर १९६० च्या दशकातच वर्दळ सुरू झाली होती. हान्स हाके या कलाकाराने १९६३ ते १९६५ च्या दरम्यान पारदर्शक ॲक्रिलिकचा बंद घन केला आणि त्यात थोडं पाणी ठेवलं. खोलीतल्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, आतल्या बाजूंवर थेंब धरतात, ओघळतात. प्रेक्षकांच्या गर्दीनेही थेंबांची नक्षी बदलते. शिल्पकार रिचर्ड सेरा यांनी १९६८ मध्ये न्यू यॉर्कच्या एका गोदामात भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे वितळलेलं शिसं फेकलं. कपूर यांच्या तोफेचा हा थेट पूर्वज म्हणायला हवा.

आणि शिल्पकार इव्हा हेस. माझं सगळ्यात जास्त प्रेम तिच्यावर आहे. १९३६ मध्ये हॅम्बुर्गला ज्यू कुटुंबात जन्मली, लहानपणीच नाझींपासून वाचून अमेरिकेत आली, १९७० मध्ये मेंदूतल्या गाठीने गेली. वय ३४. 'ॲक्सेशन २' हे तिचं काम म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्याचा, वरून उघडा, भोकाभोकांचा घन. त्याच्या तीस हजारांहून जास्त भोकांतून तिने प्लास्टिकच्या नळ्यांचे तुकडे ओवले. बाहेरून तो विणलेल्या टोपलीसारखा शिस्तशीर दिसतो. आत डोकावलं की नळ्यांची टोकं दाट केसांसारखी उभी. घन तोच, पण बाहेर कारखाना आणि आत कुठल्यातरी प्राण्याचं पोट.

तिने लेटेक्स, म्हणजे रबराचा चीकही वापरला. तो पिवळा पडतो, कडक होतो, तुटतो. तिला हे ठाऊक होतं. आज तिची काही कामं इतकी ठिसूळ झाली आहेत की ती मांडता येत नाहीत. मऊ पदार्थ निवडला की काळही शिल्पात हात घालतो, आणि तिने त्याला मज्जाव केला नाही.

कपूर यांचं शिकागोमधलं शिल्प 'क्लाउड गेट' यातच येतं का?

तिथे बाजू पालटलेली आहे. पोलाद स्वतःच वाहत्या पदार्थाचं सोंग घेतं, पाऱ्याच्या थेंबाचं. १६८ पत्रे जोडून सांधे घासून नाहीसे केले आहेत. सुंदर आहे, पण त्यात झटापट दिसत नाही, ती पुसून टाकली आहे.

आणि कपूर यांच्या नावाशी जोडला जाणारा तो सगळ्यात काळा रंग?

व्हँटाब्लॅक, जवळजवळ सगळा प्रकाश शोषून घेणारा लेप. त्याचा इथे संबंध नाही.

हे तर कुणीही करेल, नाही का?

मेण आणि लोखंड कुणीही आणू शकतं. पण वेग दुप्पट केला तर 'माय रेड होमलँड'चं यंत्र होईल, बघणारा लगेच 'अच्छा, असं चालतं होय' म्हणून पुढे जाईल. मेण थोडं कडक निवडलं तर पापुद्रा सुटणार नाही, भुगा पडेल. थोडं सैल निवडलं तर चर भरून येईल आणि खूण राहणार नाही. या निवडी बाहेरून दिसत नाहीत. स्वयंपाकात पाण्याचा अंदाज दिसतो का? नाही, पण चुकला की लगेच कळतो.

आत्ता कुठे बघायला मिळतील?

मेणाची शिल्पं प्रदर्शनापुरती मांडली जातात, त्यामुळे कपूर यांचं मोठं प्रदर्शन भरेल तिथे चौकशी करायची. कायमची म्हणाल तर इंग्लंडमध्ये मिडल्सब्रोच्या गोदीत 'टेमेनॉस' (२०१०) आहे, दोन पोलादी कड्यांमध्ये ताणलेली तारांची जाळी. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या उत्तरेला गिब्स फार्मवर हिरव्या टेकड्यांमध्ये लाल पडद्याचा ८५ मीटर लांबीचा कर्णा आहे. तिथे आधी वेळ ठरवून जावं लागतं. तिकडच्या मराठी मंडळींनी नक्की जावं.

घरी मुलांना हे कसं दाखवू?

गणपतीच्या आधी बाजारात शाडू मिळतो, तेव्हा करा. मिठाईच्या प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणाला मधोमध चौकोनी खिडकी कापा, काडेपेटीच्या निम्मी. शाडू जरा कोरडसर भिजवा आणि झाकणाच्या मागून दोन्ही अंगठ्यांनी हळूहळू दाबा. चौकोनी कांडी बाहेर येईल, पण तिच्या चारही कडा फाटलेल्या असतील, करवतीच्या दात्यांसारख्या. कोपऱ्यात माती दोन बाजूंना घासते, म्हणून तिथे ती मागे राहते आणि तुटते. आता त्याच गोळ्यात चमचाभर पाणी मळा आणि पुन्हा दाबा. दाते गेले, कड गुळगुळीत. आणखी एक चमचा, आणि कांडी बाहेर येऊन मान टाकेल.

आमच्याकडे एका मुलीने तिसऱ्यांदा कांडी काढली, कड बोटाने चाचपली आणि म्हणाली, "हे तर आजीच्या चकलीसारखं आहे." बरोबर होतं तिचं. भाजणीचं पीठ सोऱ्याच्या चकतीतून येताना चांदणीच्या टोकांशी असंच फाटतं, आणि चकलीला काटा सुटतो.